घरी बनवलेलं मॉडेल वाफेचं इंजिन कॉम्प्रेसरच्या हवेवर तपासता येतं का? दाब किती द्यावा?

हो, आणि पहिली चाचणी हवेवरच घ्यावी: ०.३ बारपासून (सुमारे ४.४ पीएसआय) सुरुवात करा आणि कॉम्प्रेसर आणि इंजिनाच्या मध्ये रेग्युलेटर (दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) लावाच. हवेवर इंजिन थंड राहतं, त्यामुळे चालू असतानाही व्हॉल्व्ह जुळवता येतो. आधी इनलेटमध्ये हलक्या मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब टाका आणि फ्लायव्हील हाताने पूर्ण फिरवून बघा. कुठे अडकत असेल तर दाब वाढवून ते सुटणार नाही; बहुतेक वेळा ग्लँड (पिस्टन रॉडभोवतीचं पॅकिंग दाबून गळती रोखणारा भाग) जास्त आवळलेला असतो किंवा पिस्टन रॉड सरळ रेषेत नसतो. एकच सिलिंडर असेल तर डेड सेंटरवरून (पिस्टन अगदी टोकाला असतो आणि दाब चाक फिरवू शकत नाही ती जागा) पुढे जायला हाताने धक्का द्यावाच लागतो, तो दोष नव्हे.

- एका स्ट्रोकला (पिस्टनच्या एका दिशेच्या फेरीला) जोर, दुसऱ्याला नाही: स्लाइड व्हॉल्व्ह (सिलिंडरची हवा आत-बाहेर सोडणारा सरकता व्हॉल्व्ह) मध्यावर नाही. व्हॉल्व्ह रॉडचा नट फिरवून दोन्ही पोर्ट (सिलिंडरच्या दोन टोकांना हवा नेणारी छिद्रं) सारखे उघडतील असं करा.
- इंजिन थांबलेलं असतानाही एक्झॉस्टमधून हवा सतत सुटते: व्हॉल्व्हची बैठक सपाट नाही किंवा पिस्टनचं पॅकिंग सैल आहे.
- सांध्यांची गळती साबणाच्या पाण्याने लगेच दिसते.

व्हॉल्व्ह नीट जुळलेलं छोटं इंजिन भाराविना १ बारच्या आतच चालायला हवं. मात्र हवेवर चाललं म्हणजे वाफेवरही चालेलच असं नाही: थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होऊन पिस्टन अडतो, म्हणून ड्रेन कॉक (सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढणारे छोटे नळ) उघडे ठेवून सिलिंडर आधी तापवावा लागतो. आणि बॉयलर हवेने कधीही तपासू नका, फुटला तर स्फोट होतो. त्याची चाचणी पूर्ण पाण्याने भरून हातपंपानेच करायची.