नर्सिंग नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सीएनईचे (सतत परिचर्या शिक्षणाचे) तास कसे भरावेत, आणि अशा प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष कामात काही उपयोग होतो का?

आपण लिहिले आहे की आपण जीएनएम, म्हणजे परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका घेतलेल्या, असून तालुक्याच्या गावी एका खासगी प्रसूतिगृहात स्टाफ नर्स आहात, नूतनीकरणाला दीडेक वर्ष राहिले आहे, सर्टिफिकेटांची फाइल जवळजवळ रिकामी आहे आणि हजर न राहता पैसे भरून तास मिळवून देतो असे सांगणारे कोणीतरी आपल्याला भेटले आहे. आपले यजमान एक्स-रे टेक्निशियन आहेत, त्यांना असे बंधन आहे का, हाही आपला प्रश्न आहे. मी आधी परिसेविका म्हणून आणि नंतर परिचारिकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळत काम केले आहे. त्या अनुभवावरून उत्तर देते.

प्रथम नियम. भारतीय परिचर्या परिषदेच्या, म्हणजे आयएनसीच्या, धोरणानुसार नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावयाचे असते आणि त्या ५ वर्षांत सतत परिचर्या शिक्षणाचे, ज्याला आपण सगळे सीएनई म्हणतो त्याचे, १५० तास अपेक्षित असतात. म्हणजे वर्षाला सरासरी ३० तास. नोंदणी आणि नूतनीकरण राज्याची नर्सिंग कौन्सिल करते, त्यामुळे ज्या कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आहे त्याचेच तास धरले जातात. पुष्कळ सिस्टर नेमक्या इथेच अडकतात. एखाद्या औषध कंपनीने हॉटेलात घेतलेले व्याख्यान कितीही चांगले असले आणि त्याचे सर्टिफिकेट कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असले, तरी मान्यता नसेल तर नूतनीकरणाच्या दृष्टीने ते शून्य आहे. म्हणून फी भरण्यापूर्वी आयोजकांकडे मान्यतेचे पत्र आणि मंजूर तास किती, हे विचारून घ्यावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. सर्टिफिकेटावरचे नाव नोंदणीतील नावाशी जुळते का, हेही तिथल्या तिथे पाहावे. लग्नानंतर आधार कार्डावर एक नाव आणि रजिस्टरमध्ये माहेरचे, अशी स्थिती असेल तर ते काम आधी उरकावे. कारण नोंदणी आता आयएनसीच्या एनआरटीएस या संगणकीय रजिस्टरशी आणि तिथे मिळणाऱ्या एनयूआयडी क्रमांकाशी जोडलेली आहे.

पैसे घेऊन तास देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. सर्टिफिकेट खोटे निघाले तर त्या माणसाचे काही जात नाही. रजिस्टरमध्ये नाव आपले असते आणि उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते.

आता उपयोगाविषयी. आपला प्रश्न रास्त आहे, कारण पुष्कळ प्रशिक्षण खरोखरच निरुपयोगी असते. रात्रपाळी करून आलेली परिचारिका सकाळी हॉलच्या मागच्या रांगेत बसते, पडद्यावर सलग स्लाइड्स सरकत असतात, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत कशीबशी जागी राहते आणि संध्याकाळी सर्टिफिकेट घेऊन घरी जाते. दोष तिचा नाही. तिला ड्यूटीची सुट्टी न देता प्रशिक्षणाला पाठवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. उलट जे प्रशिक्षण हातांनी, आपल्याच वॉर्डात, आपल्याच सामानाने घेतले जाते, त्याचा उपयोग मी वारंवार पाहिला आहे.

आपण प्रसूतिगृहात आहात म्हणून तिथलेच उदाहरण देते. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले की मॅगसल्फचा, म्हणजे झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा, पहिला डोस स्नायूत द्यायचा असेल तर तो १० ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. आम्ही लेबर रूममध्ये याचा सराव घेतला तेव्हा लेखी प्रश्नाचे उत्तर एकीचेही चुकले नाही. मग ट्रे पुढे ठेवून ‘आता भरा’ असे सांगितले. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या एका ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असते, म्हणजे १० ग्रॅमसाठी १० ॲम्प्यूल फोडावे लागतात आणि १० मिलीच्या दोन सिरिंज लागतात. ट्रेमध्ये ॲम्प्यूल होते सहा, आणि सिरिंज सगळ्या ५ मिलीच्या. कॅल्शियम ग्लुकोनेट, जे मॅगसल्फ जास्त झाल्यास उतारा म्हणून हाताशी असलेच पाहिजे, ते दुसऱ्या कपाटात होते आणि त्या कपाटाची किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या खिशात. पुढचा डोस देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्रिया, श्वसनाचा वेग आणि लघवीचे प्रमाण पाहायचे, हेही सगळ्यांना माहीत होते. पण गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्रिया प्रत्यक्ष दाखवा म्हटल्यावर निम्म्याजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. त्याच दिवशी ट्रेची यादी बदलली आणि किल्लीची जागा ठरली. कितीही तासांच्या व्याख्यानातून हे झाले नसते.

त्यामुळे उरलेल्या काळात विषय निवडताना आपल्या वॉर्डात काय बिघडू शकते, तिथून सुरुवात करावी. प्रसूतिपश्चात रक्तस्राव, झटके, जन्मल्यावर न रडणारे बाळ: हे तीन विषय आधी घ्या. त्यानंतर बीएलएस, म्हणजे हृदय किंवा श्वास बंद पडल्यास करायचे प्राथमिक जीवरक्षण. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटीमीटर खोल, हे वाचून येत नाही. बाहुल्यावर दमेपर्यंत करावे लागते. शिवाय हे कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागते, म्हणून सर्टिफिकेटची मुदत दोन वर्षांची असली तरी मधल्या काळात वॉर्डात सराव चालू ठेवावा. सीएनईच्या तासांत ते धरले जाईल की नाही, हे मात्र त्या कार्यक्रमाच्या मान्यतेवर ठरेल. तास भरण्यासाठी जवळचे नर्सिंग कॉलेज आणि ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनची शाखा इथे चौकशी करा. शेवटच्या दोन महिन्यांत १५० तास भरता येतील अशा भ्रमात राहू नका.

आपल्या डॉक्टर मालकांशी बोलण्यासाठी एक गोष्ट हाताशी ठेवा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रुग्णालय कितीही लहान असले तरी हा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे, तसेच कर्मचाऱ्यांना कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस देणे, ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. प्रशिक्षणाची माहिती वार्षिक अहवालातही द्यावी लागते. म्हणजे वर्षातून एकदा सर्वांना एकत्र बसवणे त्यांना टाळता येत नाही. त्याच दिवशी सुई टोचल्यास काय करायचे आणि लेबर रूमचा सराव, हेही जोडून घेऊ या, असे सुचवल्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही.

प्रत्येक प्रशिक्षणानंतर एका वहीत चार ओळी लिहाव्यात: काय शिकले आणि कामात काय बदलले. ब्रिटनमध्ये नर्सेसना दर तीन वर्षांनी नोंदणी कायम ठेवण्यासाठी ३५ तासांच्या प्रशिक्षणाबरोबर असे पाच लेखी अनुभव द्यावे लागतात. आपल्याकडे ते मागत नाहीत, आणि माझ्या मते ही आपल्या पद्धतीतील मोठी उणीव आहे. आपण फक्त तास मोजतो. आपला पुढेमागे परदेशी जाण्याचा विचार असेल तर ही सवय आतापासूनच लावून घ्या. वही मराठीत लिहिली तरी हरकत नाही.

आपल्या यजमानांविषयी. परिचारिकांचा १५० तासांचा नियम त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी २०२१ चा सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा महत्त्वाचा आहे. त्याने रेडिओग्राफर, लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट अशा अनेक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा यांची चौकट घालून दिली. त्यांनी आपल्या नोंदणीची कागदपत्रे अद्ययावत ठेवावीत. नियमाची वाट न पाहता त्यांनी शिकावा असा एक विषय मात्र आहे, तो किरणोत्सर्ग सुरक्षेचा. टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला किती किरण लागले ते मोजणारा बिल्ला, छातीच्या पातळीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा असतो. मी तो ॲप्रनच्या बाहेर लावलेला, किंवा ॲप्रनसकट एक्स-रे रूममध्येच टांगून ठेवलेला अनेकदा पाहिला आहे. टांगलेला बॅज भिंतीला किती किरण लागले ते सांगतो, माणसाला किती लागले ते नाही. तीन महिन्यांनी बॅज बदलून जातो तेव्हा त्याचा डोस अहवाल मागून घ्यावा आणि आपल्याकडे जपून ठेवावा. नोकरी बदलली तरी तो त्यांच्याच उपयोगाचा आहे.