वेस्टमोरलंडला दिलेलं उत्तर

प्रिय,

शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' नाटकातलं, फ्रेंचांविरुद्धच्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईआधीचं राजा हेन्रीचं भाषण तू तालमीला घेतलंस, फार बरं वाटलं. 1599 च्या सुमाराचं हे लेखन आजही अंगावर काटा आणतं. पण पहिल्या वाक्यापासून गर्जना केलीस तर दहाव्या ओळीला आवाज संपेल आणि प्रेक्षकही सुटतील. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

चौथ्या अंकातला तिसरा प्रवेश सुरुवातीपासून वाच. शत्रू पाचपट आहे, शिवाय ताजातवाना, असं बोलणं चाललंय. राजाचा सरदार वेस्टमोरलंड म्हणतो, आज इंग्लंडमध्ये रिकामे बसलेल्यांतले दहा हजार इथे असते तर! राजाच्या कानावर नेमकं हेच पडतं. म्हणजे हे उत्तर आहे, एका घाबरलेल्या माणसाला दिलेलं. सुरुवात त्याच्याकडे बघून, बोलण्याच्या आवाजात कर. मरायचंच असेल तर आहोत तेवढे पुरे; जगलो तर जितके कमी तितका मानाचा वाटा मोठा. हा हिशेब आहे, तो समजावून सांगायचा असतो. मग राजा म्हणतो, ज्याला लढायचं नाही त्याने जावं, परवाना आणि वाटखर्च मिळेल. तिथे खरा विराम घे आणि एकेकाच्या तोंडाकडे बघ. हा विराम गाळला की पुढचं सगळं पोकळ वाटतं.

भाषणाचा जीव मधल्या ओळींत आहे. राजा विजयाचं वचन कुठेच देत नाही. तो दाखवतो एक म्हातारा: लढाईचा दिवस म्हणजे संत क्रिस्पिनचा सण, दरवर्षी त्या सणाच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना जेवू घालणारा, बाही वर सरकवून व्रण दाखवणारा. म्हातारी माणसं विसरतात, पण हा त्या दिवसाचा पराक्रम विसरणार नाही, उलट थोडं तिखटमीठ लावूनच सांगेल! मरणाच्या दारात उभ्या असलेल्यांना राजा त्यांचं म्हातारपण दाखवतो आणि त्यात हसायलाही जागा ठेवतो. ही ओळ हसऱ्या चेहऱ्यानेच म्हण. बाही सरकवायचा अभिनय मात्र नको. शब्द ते काम करतात.

राजा घेतो ती सोबतच्या सरदारांची नावं घाईने उरकू नकोस. बेडफर्ड, एक्झिटर, टॅलबट... प्रत्येक नावाला वेगळा चेहरा दे. प्रत्यक्षात लढाईच्या दिवशी, 25 ऑक्टोबर 1415 ला, बेडफर्ड इंग्लंडचा कारभार पाहत होता. नाटकात मात्र ही नावं घराघरांत बोलली जाणार आहेत. क्रिस्पिनचं नाव सहा ठिकाणी येतं, दरवेळी आधीपेक्षा किंचित उघड्या आवाजात घे. पूर्ण आवाज राखून ठेव तो 'आपण थोडे, आपण भाग्यवान थोडे, आपण भावंडं' या ओळीसाठी.

त्याच अंकातला आठवा प्रवेशही वाच. तिथे इंग्रज मृतांच्या यादीत चार नावं येतात, बाकीचे नुसते पंचवीस, बिननावाचे. भाऊ म्हणून घेतलेल्यांचं पुढे काय होतं, हे नाटक लपवत नाही. राजाला ते ठाऊक नाही, तेव्हा त्याचं सावट आवाजात आणू नकोस. बोलताना त्याचा शब्द खराच असला पाहिजे.

आरशासमोरच्या तालमी थांबव, समोर वेस्टमोरलंड उभा कर. भाषण संपताच शत्रू सज्ज झाल्याची बातमी येते, टाळ्यांसाठी थांबायला जागाच नाही. लगेच राजा त्याला विचारतो, आणखी कुमक हवी का? तो म्हणतो, आपण दोघंच लढलो असतो तर! हे वाक्य त्याला मनापासून म्हणता आलं नाही, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून घे.