जुन्या क्रेडिट कार्डाच्या वसुलीचे फोन येतायत? आधी हे वाच

घाबरू नकोस रे, मीपण यातून गेलोय. पहिली गोष्ट, फोनवर काहीच कबूल करायचं नाही, "हो भरतो" नाही आणि "निदान पाचशे टाका" म्हणाले तरी टाकायचे नाहीत, कारण अशा कर्जावर दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं असते आणि ती संपायच्या आत तू थोडे पैसे भरलेस किंवा लेखी कबुली दिलीस तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजतात. व्हॉट्सअॅपवर पण जपून लिही.

एजंटला नाव, एजन्सी आणि बँकेचं अधिकारपत्र माग, हिशोब लेखी माग. खरा असेल तर देतो.

सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, शिव्या-धमक्या, नातेवाइकांना त्रास हेही चालत नाही. माझ्या आईला फोन करून रडवलं होतं, तेव्हा मी कॉल रेकॉर्ड करून बँकेकडे लेखी तक्रार केली. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकतो तो) ऑनलाइन जाता येतं, फी नाही.

आणि कोर्टाचं समन्स आलं तर मात्र अजिबात दुर्लक्ष करू नकोस, लगेच वकील गाठ.