फादर विधानसभेला उभे राहू शकतात का?

प्रश्न : आमचे एक फादर बरीच वर्षं मुंबईच्या झोपडपट्टीत काम करून आता वसईत आलेत. रेशनकार्ड असो की पोलिसांचा जाच, लोक त्यांच्याकडेच धाव घेतात. आता ‘फादर, विधानसभेला उभे राहा’ असा आग्रह चाललाय. त्यांना उभं राहता येतं का? – एक वाचक, वसई

उत्तर : देशाच्या कायद्याने येतं, कॅथलिक चर्चच्या नियमाने सहसा नाही. म्हणून आधी बिशपांकडे जायचं आणि मगच निवडणूक कार्यालयात.

वय 25 पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. धर्मगुरू असणं ही अपात्रता नाही. पण कॅनन लॉचं (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं) 285 वं कलम धर्मगुरूला सत्तेचं पद घ्यायला मनाई करतं. पक्षात सक्रिय व्हायचं तर चर्चच्या हक्कांसाठी किंवा लोकहितासाठी ते गरजेचं आहे, असं वरिष्ठांना पटावं लागतं (कलम 287). तोंडी ‘बघू’वर विसंबू नका, लेखी घ्या. अमेरिकेत जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू रॉबर्ट ड्रिनन दहा वर्षं संसदेत होते. 1980 मध्ये पोपचा आदेश आला आणि त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही.

प्रोटेस्टंट पाळकांची वाट निराळी. कॅनडात विनिपेगचे मेथडिस्ट पाळक विल्यम आयव्हन्स युद्धविरोधी भूमिकेमुळे 1918 मध्ये चर्चमधून दूर झाले. त्यांनी कामगारांसाठी लेबर चर्च काढलं, 1919 च्या सार्वत्रिक संपानंतर तुरुंगात गेले आणि 1920 मध्ये तुरुंगात असतानाच मॅनिटोबाच्या प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले. पुढे 1936 पर्यंत ते आमदार होते. व्यासपीठ सुटलं, पण माणसं सुटली नाहीत.

आता कागद. अनामत 10,000 रुपये (अनुसूचित जाती-जमातींना 5,000). रोख किंवा चलनाने भरा, चेक चालत नाही. वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत आणि निवडूनही आलात नाही, तर ती जप्त होते. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे नाव सुचवणारे त्याच मतदारसंघातले मतदार, लागतात आणि खरा घोटाळा इथेच होतो. नालासोपारा आणि वसई हे वेगळे मतदारसंघ आहेत. रोज मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) शेजारी बसणारा माणूस पलीकडच्या यादीत असेल, तर त्याची सही फुकट जाते. म्हणून प्रत्येक सूचकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक यादीतून स्वतः पडताळा. दहापेक्षा जास्त सह्या घेऊन ठेवल्या तर उत्तम. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा नको. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा, नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अर्ज दिल्यावर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत शपथ घ्यायची असते. ती विसरणारे दर निवडणुकीत भेटतात. खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा, मर्यादा 40 लाख.

प्रश्न : रविवारच्या प्रवचनात एक वाक्य बोललं तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. धर्माच्या नावावर मत मागणं किंवा ‘मत नाही दिलं तर देवाचा कोप होईल’ असं सुचवणं हा भ्रष्ट प्रकार ठरतो (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम 123). निकालानंतर 45 दिवसांत हायकोर्टात याचिका होऊ शकते. निवड रद्द होते, शिवाय सहा वर्षांपर्यंत अपात्रता. धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरणं 1988 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो चर्चच्या सभागृहालाही लागू होतो. तेव्हा बैठक बाहेरच्या एखाद्या हॉलमध्ये घ्या आणि भाड्याची पावती खर्चाच्या वहीत चिकटवा. पक्षाच्या मांडवात चर्चची देणगीपेटी फिरवण्याचा उत्साह कुणी दाखवला, तर त्याला तिथेच थांबवा.