आधी दोन्ही डायल आठवून कागदावर काढून बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बढती मिळालीय, हौसेने एक चांगलं घड्याळ घ्यायचंय आणि दोन घड्याळं मनात भरली आहेत. एक रोलेक्सचं सबमरिनर, जे चार लोक लांबून ओळखतील. दुसरं क्रीम डायलचं, हाताने किल्ली द्यायचं साधं ग्रँड सेको (सेकोचाच महागडा ब्रँड), ज्याचा फोटो बघून तुमचे सहकारी म्हणाले, "एवढे पैसे घालून शेवटी सेकोच?" तुमचा जीव मात्र त्या दुसऱ्यावरच जडलाय. तेव्हा पहिलं घेतलं तर बडेजाव आणि दुसरं घेतलं तर वेडेपणा, असं आहे का?

वीसेक वर्षं या नादात आहे. चार घड्याळं चुकीची घेतली आणि तोट्यात विकली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेळेचा मुद्दा आधीच निकालात काढू. सेकोने 25 डिसेंबर 1969 ला अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ (बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं) मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि अचूकपणाची शर्यत तिथेच संपली. आज अगदी स्वस्तातल्या क्वार्ट्झमधला स्फटिकही सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि ते घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं. उलट स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकपणाचं, प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक (स्प्रिंगवर चालणाऱ्या) घड्याळाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे इतकी मुभा असते, तीही दिवसाला! म्हणजे ज्या एका कामासाठी घड्याळ जन्माला आलं, त्यातच महागडं घड्याळ सपशेल मार खातं. हे एकदा मान्य केलं की "पण ते अचूक असतं ना" ही आपली आवडती पळवाट बंद होते.

मग राहतात चारचौघं आणि आपण.

चारचौघांच्या बाबतीत 1972 साली एक मजेशीर गोष्ट घडली. तोवर हिशोब सोपा होता. सोन्याचं घड्याळ म्हणजे पैसेवाला, हे बघणाऱ्याला न सांगता कळायचं. त्या वर्षी ओडमार पिगे या स्विस कंपनीने रॉयल ओक हे घड्याळ आणलं. जेराल्ड जेंटाने काढलेलं हे डिझाइन म्हणजे अष्टकोनी बेझल (काचेभोवतीची कडी), त्यावर लपवायच्याऐवजी मुद्दाम दाखवलेले आठ स्क्रू, आणि सगळं स्टीलमध्ये. किंमत 3,300 स्विस फ्रँक. तेवढ्या पैशात तेव्हा सोन्याचं घड्याळ आरामात येत होतं. लोकांनी कंपनीला वेड्यात काढलं. चार वर्षांनी त्याच जेंटाने काढलेलं स्टीलचं नॉटिलस पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीने आणलं, आणि जगातल्या सर्वांत महागड्या घड्याळांपैकी एक स्टीलचं आहे, अशी त्याची जाहिरातच केली.

यात नेमकं काय बदललं बघा. सोनं कुणालाही कळतं. स्टीलचं महागडं घड्याळ कळायला मात्र बघणाऱ्याकडे आधी माहिती लागते. पत धातूतून निघाली आणि ओळखण्यात जाऊन बसली. ज्यांना ती लिपी येत नाही, त्यांच्यासाठी तुमच्या मनगटावर एक स्टीलचं घड्याळ आहे, बस.

माझंच सांगतो. एका नामांकित ब्रँडच्या स्टीलच्या घड्याळासाठी मी यादीत नाव लावलं, विक्रेत्याने आडून सुचवलं म्हणून नको असलेलं दुसरं एक घड्याळही घेतलं, आणि अखेर ते मनगटावर चढलं. दोन वर्षं रोज वापरलं. त्या काळात ते ओळखलं तिघांनी. त्यातल्या एकाने विचारलं, "खरंय?" दुसऱ्याने किंमत विचारली. तिसरा स्वतःचं दाखवायला अस्तनी वर करत होता. मी मात्र रोज रात्री दिव्याखाली धरून बकलवरचे ओरखडे मोजत बसायचो. विकलं त्या दिवशी हलकं वाटलं.

पण म्हणून सबमरिनर घेणारे सगळे मिरवणारे आणि ग्रँड सेको घेणारे सगळे रसिक, असं म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. आम्हा दर्दी मंडळींचा तोरा वेगळ्या जातीचा असतो, इतकंच. "लोक ओळखत नाहीत म्हणून मला आवडतं" हे वाक्य मी कित्येकदा ऐकलंय, स्वतः बोललोही आहे, आणि तेही मिरवणंच आहे, फक्त प्रेक्षक कमी. शिवाय दर्दींची रुची म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. रोलेक्सच्या डेटोना घड्याळाचे ज्याला आज हॉलिवूडच्या नटावरून 'पॉल न्यूमन' म्हणतात ते चौकोनी ठिपक्यांचे डायल नवे होते तेव्हा दुकानात पडून राहायचे, गिऱ्हाईकाला साधं डायल हवं असायचं. 2017 मध्ये खुद्द न्यूमनचं घड्याळ न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर गेलं. डायल तेच होतं, डोळे बदलले.

आणि सबमरिनर हे घड्याळ म्हणून उत्तम आहे. 1953 पासून पाण्याखाली बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांच्या कामासाठी बनलेलं, फिरत्या बेझलवर पाण्यात किती मिनिटं गेली ते वाचायचं, अंधारात चमकणारे मोठे ठिपके. एका नजरेत वेळ दिसते. ते फार लोकांना आवडतं यात त्याचा काय गुन्हा?

मग ठरवायचं कसं? माझी एक युक्ती आहे. दोन्ही घड्याळं दुकानात जाऊन नीट बघा, पाच-पाच मिनिटं मनगटावर ठेवा, फोटो काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घ्या आणि दोन्ही डायल आठवणीने काढा. चित्रकला आली नाही तरी चालेल.

मी ते विकलेलं घड्याळ असं काढायला बसलो तेव्हा मला आठवला लोगो, नाव आणि नावाखालच्या ओळी. तास दाखवणाऱ्या खुणा कशा होत्या ते दोन वर्षं रोज बघूनही सांगता येईना! आणि एका संध्याकाळी मित्राचं जेमतेम हाताळलेलं एक जुनं घड्याळ मात्र सगळं उतरलं: मिनिट काट्याचं टोक डायलच्या कडेशी किंचित खाली वाकवलेलं आहे, डायल कडेला उतरतं आहे, सहाच्या जागी छोटं सेकंदाचं वर्तुळ. मी नाव बघत होतो की घड्याळ, ते त्या कागदाने सांगितलं.

तुमच्या क्रीम डायलवर काय बघायचं तेही सांगतो. काट्याच्या मधोमध एक कड असते, त्यामुळे त्याची एक बाजू लख्ख पांढरी आणि दुसरी काळीशार दिसते. मनगट जरा वळवलं की काळीची पांढरी होते. केसच्या (घड्याळाच्या धातूच्या डबीच्या) पॉलिश केलेल्या सपाट भागात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, तिची कड सरळच राहते, लाटेसारखी हलत नाही. हे हाताने घासणाऱ्या कारागिराचं काम. आणि किल्ली देऊन बघायला अजिबात लाजू नका, बोटांना जी बारीक करकर लागते ती फोटोत येत नाही. पूर्ण किल्ली दिली की त्यातलं 9एस64 यंत्र 72 तास चालतं, म्हणजे रोजची कटकटही नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. पोहायला जाताना घालायचं असेल तर विषय संपला, सबमरिनर घ्या, साधं ड्रेस घड्याळ त्यासाठी नसतं. दोन्ही यांत्रिक आहेत, काही वर्षांनी सर्व्हिसिंग येणारच, त्याचे पैसे आजच मनात धरा. आणि "किंमत वाढेल" या भरवशावर काहीच घेऊ नका. 2022 च्या सुरुवातीला ज्यांनी गाजणारी स्टीलची मॉडेलं चढ्या भावाने सेकंड-हँड घेतली, त्यांनी वर्षभरात हात पोळून घेतले.

सहकाऱ्यांना काय उत्तर द्यायचं, असंही विचारलंय. काही देऊ नका. "हो, सेकोच" एवढं पुरे, महिन्याभरात ते विसरतील.

एकच माहिती तुम्ही दिलेली नाही: मनगट किती सेंटिमीटर? व्यासापेक्षा लग (पट्टा जोडायचे केसचे पुढे आलेले भाग) टोकापासून टोकापर्यंत किती लांब, ते महत्त्वाचं. लग मनगटाबाहेर डोकावत असतील तर कागदावर कितीही छान उतरलेलं घड्याळ दोन महिन्यांत ड्रॉवरमध्ये जातं. मोजून कळवा, आणि तो चित्राचा कागदही टाका इथे.