पाठीतलं पाणी आणि तासाभराचा रिपोर्ट

मागच्या वेळी जिवाणूंच्या मेंदूज्वराबद्दल म्हणजे मेनिंजायटीसबद्दल लिहिलं आणि सांगली जिल्ह्यातनं बरेच प्रश्न आले, त्यातले चार-पाच घेतो.

तासगाव : भाच्याच्या पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत, त्यानं पाय जातात का?

नाही हो. हे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, मेंदूज्वर आहे का ते त्यात तपासतात. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. एखाद्याचं डोकं दुखतं दोन-तीन दिवस. पण सही करायची का नको यात घरच्यांचे दोन तास जातात ना, ते खरे महाग पडतात.

मिरज : पीसीआर पॅनेल (जंतूंचा डीएनए शोधणारी टेस्ट) तासात रिपोर्ट देतं, मग कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या टेस्टला) पैसे कशाला घालायचे?

बरोबर विचारलंत. नळी हातात आली की आम्ही आधी उजेडाला धरून बघतो, पाणी नितळ असावं, तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसलं की पोटात गोळाच येतो. मग पेशी मोजायच्या (बहुतेक वेळा हजारावर जातात आणि त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जास्त), साखर बघायची, ती 40 च्या खाली असली तर संशय पक्का होत जातो, फक्त त्याच वेळची रक्तातली साखर पण पाहिजे, डायबेटीसवाल्यात नाहीतर फसायला होतं. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, 1884 सालचा, पण वीस मिनिटांत सांगून जातो: जांभळे दाणे जोडीनं दिसले तर न्यूमोकोकस, आणि गुलाबी, घेवड्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवल्यासारखे दिसले तर मेनिंगोकोकस, दोन्ही मेंदूज्वराचे जिवाणू. पॅनेल एका दमात चौदा जंतू शोधतं, व्हायरससुद्धा. पण यादीत नसलेला जंतू त्याला दिसत नाही, आणि कुठलं औषध चालेल हे ते सांगत नाही, ते कल्चरच सांगतं. दोन्ही करा.

विटा : आधीच अँटिबायोटिक चालू केलंय, आता टेस्ट करून उपयोग काय?

आहे की. कल्चर काही तासांतच निगेटिव्ह होऊ शकतं, पण पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनए पण सापडतो, आणि पेशी नि साखर लगेच जाग्यावर येत नाहीत. आणि उलटंही ऐका, पाणी काढायला उशीर होणार असेल तर ब्लड कल्चर घेऊन इंजेक्शन लगेच द्यायचं, टेस्टसाठी थांबायचं नाही.

जत : नमुना लांबच्या लॅबला पाठवायचा तर बर्फात ठेवू का?

कल्चरचा अजिबात नको! एकदा थर्मासमध्ये बर्फ भरून नळी आली होती, स्लाइडवर जंतू ढीगभर दिसत होते आणि कल्चरमध्ये शून्य, गारठ्यानं मेले होते. खोलीच्या तापमानाला ठेवा, जमलं तर तासाभरात पोचवा. पीसीआरची नळी वेगळी, ती गार चालते.

पलूस : टीबीचा मेंदूज्वर पण असाच कळतो का?

त्याला सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, दोनेक तासांत होतं. पाणी मात्र जास्त लागतं, आणि निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं धरू नका, डॉक्टर लक्षणं बघून औषध चालू ठेवत असतील तर ठेवू द्या.