ट्रान्स भावाने जेवण सोडलंय आणि पाळी थांबली म्हणून तो खूश आहे. मी काय करू?

तुम्ही लिहिलंय की तुमचा 19 वर्षांचा भाऊ (जन्मदाखल्यावर मुलगी) दोन घास खाऊन ताटावरून उठतो, कित्येक महिने पाळी नाही, आणि घरचे म्हणतात की बारीक व्हायचं खूळ आहे. मी स्वतः ट्रान्स पुरुष आहे, कॉलेजात असताना यातूनच गेलोय. खूळ नाही हे.

बारीक दिसणं हा यात बरेचदा हेतूच नसतो. वजन उतरलं की छाती-कंबर सपाट होते, आणि पोटात पुरेसं गेलं नाही की मेंदू पाळीचे हॉर्मोन सोडणंच आवरतं घेतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत, डॉक्टर नाही, घरात बोलायची सोय नाही, त्याला हा एकच फुकटचा उपाय दिसतो. म्हणून ‘जेव रे बाबा’ म्हणून भागत नाही. त्याला ते ‘परत मुलगी हो’ असं ऐकू येतं.

आपल्या घरांत हे लपतंही सहज. मी सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळं धरायचो आणि साबुदाण्याची वाटीही तशीच परत ठेवायचो. आजीला वाटायचं, पोरगी देवभक्त निघाली. आत्या म्हणाली, “आता कशी नाजूक दिसतेस, स्थळं चालून येतील!” पुढच्या आठवड्यापासून मी शनिवारही धरला.

हे एकट्यादुकट्याचं नाही. अमेरिकेत 2015 साली कॉलेज विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ट्रान्स विद्यार्थ्यांपैकी सुमारे 16 टक्क्यांनी वर्षभरात ईटिंग डिसऑर्डरचं (खाण्याशी निगडित मानसिक आजाराचं) निदान झाल्याचं सांगितलं होतं. सिस (म्हणजे ट्रान्स नसलेल्या), विषमलिंगी मुलींमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत होतं. ट्रान्स मुलींचं (जन्मदाखल्यावर मुलगा) कारण वेगळं असतं, खांदे-दंड उतरवायचे असतात. पण इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनने छाती-कंबर भरायची तर अंगात चरबी लागते, ती उपाशीपोटी कुठून येणार?

भावाला पहिल्यांदा हे सांगा की पाळी थांबवायला उपाशी राहावं लागत नाही. प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या असतात, इंजेक्शन असतं, स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून देतात. पुढे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) सुरू केलं तर बहुतेकांची पाळी काही महिन्यांत थांबते. उपासमारीने थांबलेली पाळी मात्र हाडं पोखरते, तीही हाडं भरायच्या वयात. आणि न खाता टेस्टोस्टेरॉन घेतलं तर ज्या दंडांची तो वाट बघतोय ते कशाचे होणार?

“आधी वजन वाढव, मग हॉर्मोनचं बघू,” असं एका डॉक्टरांनी मला सुनावलं होतं. मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही. हॉर्मोन सुरू झाले की सगळं आपोआप सुटेल, हेही खरं नाही. माझी पाळी गेली, दाढी आली, तरी घासांचा हिशेब डोक्यात वर्षानुवर्षं चालूच होता. खाण्याचा त्रास आणि ट्रान्स असण्याचे प्रश्न, दोन्हींकडे एकदम बघणारा मानसोपचारतज्ज्ञ शोधा. सापडेपर्यंत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

घरी त्याच्या शरीराबद्दल कुणी अवाक्षर काढू नये, कौतुकाचंही नाही. त्याने निवडलेल्या नावाने जेवायला हाक मारा. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घालत असेल तर जेवताना पोट-छाती आवळलेली असते, चार घासांतच गच्च वाटतं; पण तो काढून सगळ्यांसमोर बसणं त्याला जमणार नाही. ताट खोलीत न्या, तुमचंही न्या, सैल शर्ट घालून जेवू दे.

चक्कर येऊन पडला, छातीत धडधडलं किंवा नाडी फार मंद लागली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि फार दिवसांचा उपाशी असेल तर मायेपोटी एकदम भरपूर खायला घालू नका, त्याने रक्तातले क्षार धोकादायकरीत्या घसरू शकतात. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.